चाल अर्ध्यावर राहिलेल्या गाण्याचं काय करू?

(मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग देतो.)

‘मी आणि माझी मैत्रीण फोर्टमधल्या एकाच कार्यालयात होतो. ओळख 1989 पासूनची. मी कविता लिहायचे, ती चाली लावायची. गाण्याच्या परीक्षांत मध्यमा पूर्णपर्यंत शिकलेली, पण कान मात्र उपजत. संध्याकाळी व्हीटीला फास्ट सोडून मुद्दाम धीमी लोकल पकडायचो, कारण ती दादरला उतरायची. मस्जिदला माझा कागद बाहेर निघायचा, भायखळ्यापर्यंत मुखडा जमायचा आणि परळ आलं की शब्दावरून भांडण. ताल धरायला तिचा रिकामा डबा. अशी चाळीसेक गाणी झाली. कार्यालयातला सत्यनारायण, महिला मंडळ, कोजागरी, याच्या बाहेर ती कुठे गेली नाहीत.

2024च्या ऑगस्टमध्ये ती गेली. शेवटचं गाणं अर्धं राहिलं. ध्रुवपदाला चाल लागली होती, अंतरे बाकी होते. “अंगणी माझ्या उभा पाऊस” अशी माझी ओळ. तिला ओळीच्या शेवटी आकार, म्हणजे ‘आ’ हा स्वर, हवा होता. “उभ्या या धारा” कर, म्हणाली. मी ऐकलं नाही. आठ दिवस फोनवर हेच चाललं होतं, आणि मग तिचं दुखणं निघालं. तो शब्द मी बदलला असता तर गाणं तरी पुरं झालं असतं, हे डोक्यातून जात नाही.

तिची चाळ पुनर्विकासाला जातेय. मुलगी बंगळूरला. यजमान म्हणतात, अकरा कॅसेट आणि तिची पेटी तुम्ही न्या. मंडळाला वर्षश्राद्धाच्या सुमारास कार्यक्रम करायचाय. माझा भाचा म्हणतो, त्या मावशींचा आवाज संगणकाला शिकवतो, अंतरा तोच गाईल. मी मात्र ती गेल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही. मी तिची नातेवाईकही नाही, तेव्हा एवढं मनाला लावून घेणं बरं दिसतं का, हेही कळत नाही.’

ताई,

आधी कॅसेट. बाकीचे प्रश्न थांबतील, त्या थांबणार नाहीत. घर रिकामं करताना कपाटं आणि भांडी मोजून जातात, आणि असली छोटी खोकी ‘नंतर बघू’ म्हणून भंगारवाल्याच्या गोणीत पडतात. तेव्हा याच आठवड्यात दादर गाठा.

घरी आणल्यावर लगेच वाजवून बघावीशी वाटेल. वाजवू नका. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या टिकल्या असतात. जिथे त्या शाबूत असतील तिथे टोकदार वस्तूने तोडून टाका. टिकली नसली की रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे घाईत कुणाच्या हातून तिच्या आवाजावर दुसरं काही भरलं जाण्याची भीती उरत नाही. मग आतली फीत उजेडात धरून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या हवेत इतकी वर्षं पडून राहिलेल्या कॅसेटला ती धरतेच. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. वाजवलीत तर बुरशी यंत्रात शिरेल आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागेल. आणखी एक होतं. फीत यंत्राच्या हेडवर दाबून धरायला आत नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो. जुना झाला की त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज घुसमटलेला येतो आणि ऐकणारा कपाळाला हात लावतो, की गेलं सगळं. गेलेलं नसतं. तीच फीत दुसऱ्या धडक्या कॅसेटच्या कवचात बसवता येते. मात्र हे काम घरच्या स्क्रू ड्रायव्हरने करायचं नाही. लॅमिंग्टन रोडला चौकशी करा आणि जुने टेपरेकॉर्डर हाताळलेला माणूस गाठा.

भाच्याचा उत्साह वाया घालवू नका. त्याला हे काम द्या. नीट दुरुस्त केलेल्या डेकमधून एकेक बाजू संगणकावर उतरवायची, त्याआधी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून सैल करायची, हेड स्पिरिटने पुसायचं. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवायची. एमपी3 वाटण्यासाठी, जपण्यासाठी नाही. आणि मूळ प्रतीतला आवाज अजिबात ‘स्वच्छ’ करायचा नाही. हे त्याला दोनदा सांगा, कारण आजकालच्या मुलांना पंख्याचा आवाज ऐकला की हात शिवशिवतात. त्या फितींवर कुकरची शिट्टी असेल, ‘थांब गं, परत घेते’ असेल, दोन गाण्यांच्या मधे तुम्ही दोघी साहेबांना नावं ठेवत असाल. ते सगळं राहू दे. प्रती तीन: तुमच्याकडे, यजमानांकडे आणि मुलीकडे. मात्र पहिल्यांदा ऐकायचा मान यजमानांचा. त्यांना आत्ता ऐकवत नसेल तर आग्रह नको, पण त्यांनी ऐकेपर्यंत गाण्यांच्या मधलं बोलणं सभागृहात वाजता कामा नये.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, मी पेटीवर साथ करतो म्हणून सुचतेय. डेकचा वेग थोडा जरी चुकला तरी पट्टी सरकते. ती समजा काळी चारात गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. कॅसेट पेटीशी ताडून पाहताना षड्ज काळी चार आणि पांढरी सहाच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असेल, तर तिचा सूर चुकलेला नाही, वेगाचा घोळ आहे. तो आधी सोडवा. नाहीतर उद्या कुणीतरी ऐकून म्हणेल, बाई जरा चढ्या लागायच्या.

त्यानंतर चाली कागदावर घ्या. तुम्हाला स्वरलेखन येत नसेल तर मंडळात कुणीतरी संगीताच्या परीक्षा दिलेलं असतंच. भातखंडे पद्धत पुरे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब, तालाच्या समेला फुली, टाळी नसलेल्या ‘खाली’ला शून्य. वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेला हा भातखंडे नावाचा वकील माणूस उस्तादांच्या मागे हिंडला आणि घराण्यांच्या गळ्यात बंद असलेल्या शेकडो बंदिशी त्याने कागदावर उतरवल्या. तेव्हाही म्हणणारे होतेच की कागदावर गाणं मावत नाही. मावत नाहीच. तुमच्या मैत्रिणीच्या गळ्यातली हरकत, तिचं रेंगाळणं रेघाटिंबांत येणार नाही, त्यासाठी कॅसेट आहेत. पण पन्नास वर्षांनी एखाद्या मुलीला हे गाणं बसवायचं असेल तर तिला कागद लागेल. प्रत्येक गाण्यावर ताल, पट्टी आणि साधारण साल लिहा. कुठल्या निमित्ताने झालं तेही एका ओळीत.

आता त्या शब्दाकडे येतो. तुम्ही पत्रात त्याला अपराध म्हटलेलं नाही, पण लिहिलंय तसंच.

मी ती ओळ पेटीवर घेऊन पाहिली. तिची चाल मला माहीत नाही, पण तिने आकार मागितला यावरून ती ओळ वर नेऊन तार षड्जावर ठेवत असावी असा अंदाज करतो. तसं असेल तर तिचं बरोबर आहे. वरच्या सुरावर ऊकार दाबला जातो, तोंड मिटतं, आवाज बारीक होतो. ‘पाऊस’ला शेवटी स, त्यावर थांबता येत नाही, म्हणजे ठेहराव त्या ऊवरच येणार. ‘धारा’ म्हटलं की गळा उघडतो. गाणाऱ्या बाईने हे मागायचं नाही तर कुणी मागायचं?

आणि तुमचंही बरोबर आहे. ‘उभा पाऊस’ म्हणजे कुणीतरी येऊन ठाकलंय, त्याला आत घ्यायचं की नाही हे अजून ठरायचंय. ‘उभ्या या धारा’ म्हणजे पाणी पडतंय. गाणं त्या एका शब्दावर उभं आहे, तो तुम्ही काढला नाहीत हे कवी म्हणून चोख केलंत.

पण बघा, तिच्यापुढे दुसरा रस्ता होता की नाही? ती ओळ खाली आणू शकत होती. पंचमावर ठेवली असती तर ‘पाऊऽस’ छान लागला असता. तिनेही ते केलं नाही. म्हणजे दोघीही अडून बसल्या होत्या, आणि दोघींना माहीत होतं की पुढच्या आठवड्यात काहीतरी निघेल, कारण पस्तीस वर्षं तसंच निघत आलं होतं. चाळीस गाण्यांत अशी भांडणं किती झाली असतील! त्यांतली बहुतेक तुम्ही विसरलात, कारण ती मिटली. हे एक मिटायच्या आत ती आजारी पडली. गाणं आजारपणामुळे राहिलं, तुमच्या शब्दामुळे नाही.

तेव्हा आता प्रायश्चित्त म्हणून ‘धारा’ करू नका. ती गेल्यावर तिचं ऐकलं तर तिला ते कळणार नाही, आणि तुम्हाला तो शब्द दर वेळी टोचेल. उद्या कधी गाऊन पाहताना तुम्हालाच ‘धारा’ पटला तर गोष्ट वेगळी, मग खुशाल बदला.

भाच्याच्या कल्पनेला माझा नकार आहे. यंत्रं वाईट म्हणून नव्हे. संगणक तिचा आवाज काढेलही, पण अंतऱ्याची चाल तिने ठरवलेलीच नव्हती. तुमच्या पत्रावरून वाटतं, ती बाई मुखड्यानंतर कुठे वळेल हे तुम्हालाही आधी कळायचं नाही. मग यंत्राने जे काढलं ते तिच्या तोंडी घालायचं कशाला? शिवाय आवाज ज्याचा त्याचा असतो. 2024च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, तो त्यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांविरुद्धच होता. तुमचं प्रकरण कोर्टात जाणारं नाही, आणि ते गायक हयात आहेत. पण यजमानांनी एखाद्या संध्याकाळी फोन उघडावा आणि बायको आयुष्यात कधी न गायलेल्या ओळी गाताना ऐकावी, याचा विचार भाच्याने केलाय का? त्याला तेवढंच विचारा.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द आणि गाण्याची चाल या दोन वेगळ्या कृती आहेत. शब्द तुमचे, चाल तिची. चाल कुठे लिहून ठेवलेली नसली तरी. तिचा हक्क आता वारसांकडे, आणि तो ती गेली त्याच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे जानेवारी 2025 पासून, 60 वर्षं चालेल. यजमान तुम्हाला कॅसेट देतायत म्हणजे चालींचा हक्क दिला असं होत नाही. त्यांच्याकडून आणि मुलीकडून चार ओळींचं पत्र घ्या, की ही गाणी गायला, छापायला, रेकॉर्ड करायला हरकत नाही आणि चालीखाली तिचं नाव राहील. तुमच्यात वाद नाहीये म्हणूनच आत्ता घ्या. पुढे मंडळातल्या कुणी गाणी कुठे टाकली आणि चार लोकांनी ऐकली, की नसलेले वाद उगवतात.

तुमच्या शब्दांना दुसऱ्या कुणाकडून सगळीच नवी चाल लावून घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात. तिचा मुखडा आणि दुसऱ्याचा अंतरा हे मात्र मला रुचत नाही. करायचंच असेल तर घरच्यांना विचारून, आणि दोन्ही नावं स्पष्ट सांगून.

कार्यक्रमाबद्दल मंडळाशी भांडावं लागलं तर भांडा, सवय आहेच तुम्हाला. आपल्याकडे हे कार्यक्रम कसे होतात ते ठाऊक आहे. फोटोला हार, समई, मग पाच जणांची भाषणं, प्रत्येकात ‘हसतमुख’ आणि ‘मनमिळाऊ’. मग कुणाला तरी वाटतं की लोक कंटाळतील, म्हणून मधे चार गाजलेली भावगीतं घुसवली जातात आणि ज्या बाईसाठी जमलो तिची दोन गाणी कशीबशी होतात. भाषणं काढा. एक निवेदन, तेही तुमचं. फक्त तिच्या चाली, नऊ-दहा, गाणाऱ्या मंडळातल्याच. तालीम निदान महिनाभर आधी सुरू करा आणि कॅसेट ऐकूनच बसवा. गाणारीच्या गळ्यात थोडं बदलेल, ते बदलू द्या. पट्टी तर बदलाच, काळी एकवालीला काळी चारात ओढू नका.

एक गाणं असं निवडा ज्यात तिने तुम्हाला शब्द बदलायला लावला आणि तुम्ही बदललात. ती ओळ आधी तुमच्या मूळ शब्दांत गाऊन दाखवा, मग बदललेल्या. काय झालं ते सभागृहातल्या लहान पोरालाही ऐकू येईल. ती कोण होती हे त्या एका मिनिटात जितकं कळेल तितकं हसतमुख-मनमिळाऊमधून जन्मात कळणार नाही.

अर्धं गाणं पण घ्या. ध्रुवपद तिच्या चालीत, ‘पाऊस’सकट, तिने ठेवलं त्याच सुरावर. गाणारीला तो ऊकार जड जाईल, जाऊ दे. मग सांगा की चाल इथवरच आहे, आणि अंतरे कविता म्हणून वाचा. शेवटी ठेवू नका, लोक रडायला लागतील आणि चहा निवेल. मध्यंतराच्या आधी ठेवा.

आणि तुमचं लिहिणं. ते आटलंय यात नवल नाही, तुम्ही इतकी वर्षं कागदासाठी लिहीतच नव्हता, त्या एका गळ्यासाठी लिहीत होता. तो कान आता समोर नाही. आत्ता कविता लिहायचा हट्ट करू नका. एक साधी वही करा आणि तिच्या तक्रारी लिहा. आठवतील तशा, तिच्याच शब्दांत. ‘ओळ मिटलेल्या अक्षरावर संपवू नकोस.’ ‘ऱ्हस्वावर उभं करू नकोस मला.’ ‘केरव्यात एवढी जोडाक्षरं? जीभ अडखळते.’ नेमकं काय म्हणायची ते तुम्हाला ठाऊक, मी आपले नमुने दिले. प्रत्येक तक्रारीपुढे ती कुठल्या गाण्यात झाली ते लिहा, आणि तुम्ही ऐकलंत की नाही तेही. दहा-बारा पानं भरली की बघा, तिचं गाण्याबद्दल म्हणणं काय होतं ते सलग दिसायला लागेल. त्यातलं काही तुम्हाला आजही पटणार नाही. तिथे समासात उत्तर लिहा. लिहिणं सुरू झालं तर बहुधा त्या समासातूनच होईल, असं मला वाटतं.

मंडळात चाली लावू पाहणारी एखादी तरुण मुलगी असेल तर पुढची कविता तिच्या हातात द्या आणि मुखडा होईपर्यंत गप्प बसा. ती तुमच्या मैत्रिणीसारखी चाल लावणार नाही. तसं तोंडावर बोलून दाखवू नका, बिचारी पळून जाईल.

नातेवाईक नाही म्हणून संकोच वाटतो म्हणता. नातेवाइकांना सुतक असतं, दिवसवार असतात, भेटायला माणसं येतात. मैत्रिणीला यातलं काही नाही आणि दुःख मात्र तेवढंच. बरं दिसतं का हे विचारायलाही नको होतं. ज्या नवऱ्याने बायकोची पेटी तुमच्याकडे न्या म्हटलं, त्याने ते कधीच ओळखलंय.

ती पेटी आणा. तुम्ही वाजवत नसाल तरी आणा. पण आणून कपाटावर कापड घालून ठेवू नका. न वाजणाऱ्या पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, भात्याला भेगा पडतात, आत कसर लागते. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून एकदा उघडून घ्या, सूर तपासून घ्या, भिंतीला ओल नसेल तिथे ठेवा. तालमी तुमच्याच घरी घ्या आणि याच पेटीवर घ्या. कार्यक्रम झाल्यावर रोज कुणी वाजवणारं घरात नसेल, तर चाल लावणाऱ्या त्या मुलीला वापरायला द्या. मात्र यजमानांना आधी सांगून, आणि देताना कुठली पट्टी दाबली की जरा कुरकुरते तेही सांगा.